अभयारण्यात चित्रीकरण करायचंय? अर्जापासून समाप्तीच्या पत्रापर्यंत

व्याघ्र प्रकल्पात माहितीपटासाठी परवानगी मागायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या अर्जात कामाची ओळ एकच होती: 'वन्यजीवनावर माहितीपट करण्यासाठी पंधरा दिवस चित्रीकरणाची परवानगी मिळावी.' टेबलापलीकडच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढून ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या रेंजमध्ये? कशाचं? किती माणसं?" एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अर्ज परत घेऊन आलो आणि पुढचे आठ दिवस त्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यात गेले. उत्तरं लिहून काढली तेव्हा नेमकं काय करायचंय, हे मलाही पहिल्यांदाच कळलं.

म्हणून नवीन मित्रमैत्रिणींना मी आधी हेच सांगतो, की अर्ज ही चित्रीकरणाआधीची कटकट नव्हे. तो नीट लिहिलात तर तुमच्या फिल्मचा पहिला खर्डा तिथेच तयार होतो, आणि परवानगीही लवकर मिळते. पुढे जे लिहिलंय ते महाराष्ट्रापुरतं आहे. कायदा देशभर एकच, पण अधिकार त्या त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे असतात. त्यामुळे गोव्यात मोले किंवा खोतीगावला चित्रीकरण करायचं असेल तर महाराष्ट्राच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं नागपूरचं पत्र तिथे चालत नाही. गोव्याच्या वनखात्याकडेच अर्ज करावा लागतो.

पर्यटक की चित्रीकरण करणारे?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात कुणालाही वाटेल तसं शिरता येत नाही. कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक काही ठरावीक कामांसाठी परवाना देऊ शकतात. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तिथे राहणाऱ्या लोकांशी असलेला कायदेशीर व्यवहार, ही ती कामं. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच कलमं लागू होतात. २०२२ च्या दुरुस्तीत छायाचित्रणाच्या जोडीला 'चित्रपट निर्मिती' हे शब्द आले आणि त्यांच्यासोबत अटही आली: अधिवासात कोणताही बदल न करता, अधिवासावर किंवा वन्यजीवांवर वाईट परिणाम न होऊ देता. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. अर्ज लिहिताना ही अट समोर ठेवा, कारण तुमचा अर्ज वाचणारा अधिकारी मनात तीच धरून वाचत असतो.

सफारीचं तिकीट हाही याच कलमाखालचा परवाना, पण तो पर्यटनासाठीचा. जिप्सीत बसून, ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या रस्त्यावरून स्वतःच्या आनंदासाठी फोटो काढायचे असतील तर गेटवर कॅमेऱ्याचं जे शुल्क असेल ते भरलं की पुरे. मोबाइलचे नियम मात्र गेटवर आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी तो आत नेता येत नाही. चित्रण विकायचं असेल, वाहिनीवर किंवा ओटीटीवर जायचं असेल, सोबत पथक असेल, नेहमीच्या वेळेबाहेर थांबायचं असेल, तर पर्यटनाचं तिकीट पुरत नाही. यूट्यूबवाल्यांना इथे नेहमी शंका असते. माझा सल्ला असा, की चॅनेलवरून कमाई होत असेल तर लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. "गेटवर कुणी काही बोललं नाही" हे नंतर उपयोगाला येत नाही. परवान्याच्या अटी मोडल्या तर या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जागा निवडताना वाघ थोडा बाजूला ठेवा

पहिल्याच कामाला ताडोबा धरू नका. मला ताडोबा आवडत नाही असं नाही. पण तिथे गर्दी मोठी, अर्ज जास्त, आणि नवख्या माणसाला वाघापलीकडचं काही दिसत नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ पासून ते रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याला दोन-तीन दिवसांच्या परवानगीत तिथे शिकण्यासारखं खूप आहे. पुण्याकडच्यांना सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकाऱ्यांचं. नगरकडच्या कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट आहेत. नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. भीमाशंकरला शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. त्याच्यावर दहा मिनिटांची चांगली मराठी फिल्म करायला कुणीतरी वर्षभर बसावं, असं मला मनापासून वाटतं.

भिगवणसारख्या ठिकाणी उजनीच्या फुगवट्यावर पक्षी भरपूर आहेत, पण ते अभयारण्य नाही. तिथले नियम, नावाडी, जमिनीचे मालक सगळंच वेगळं. जागा अभयारण्यात येते की प्रादेशिक वनविभागात, की खासगी शेतात, हे आधी तपासा, कारण अर्ज कुणाच्या नावे लिहायचा हे त्यावरच ठरतं.

ऋतूही याच टप्प्यावर ठरवा. एप्रिल-मे मध्ये पानगळ झालेली असते, पाणवठ्यावर प्राणी येतात, दूरवरचं दिसतं. पण चंद्रपूरचं ऊन पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातं आणि कॅमेरा तापून बंद पडतो. ऑक्टोबरात रान हिरवंगार असतं, गवत माणसाच्या कमरेपर्यंत, म्हणजे प्रकाश सुंदर आणि प्राणी दिसणं कठीण. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनाला बंद असतो, आणि एरवी मंगळवारी सुट्टी. दिवसांचा हिशेब मांडताना मंगळवार वगळायचा राहून गेला, की पथकाचा एक दिवसाचा खर्च अंगावर पडतो.

अर्ज कुणाकडे?

महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. प्रत्येकाला क्षेत्र संचालक असतात. ताडोबाचं कार्यालय चंद्रपूरला, मेळघाटचं अमरावतीला, पेंचचं नागपूरला, सह्याद्रीचं कोल्हापूरला. मुख्य वन्यजीव रक्षक म्हणजेच प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) नागपूरच्या वनभवनात बसतात. साधारण वाट अशी: अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे, क्षेत्र संचालकांमार्फत. प्रकल्प नसलेल्या अभयारण्यासाठी संबंधित वन्यजीव विभागाच्या विभागीय वन अधिकाऱ्यांमार्फत. मग खाली परिक्षेत्र (रेंज) अधिकाऱ्याचा अभिप्राय मागवला जातो, तो वर जातो, आणि मंजुरी अटींसह परत येते.

हा अभिप्राय कळीचा आहे. तो लिहिणाऱ्या परिक्षेत्र अधिकाऱ्याला तुमचा अर्ज वाचून डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं पाहिजे. म्हणून अर्ज देण्याआधी एकदा पर्यटक म्हणून जाऊन या. त्यांना भेटा. नकाशा समोर ठेवून विचारा की या महिन्यात कुठल्या भागात काम चालू असतं, वणवा रोखायला कुठे जाळरेषा काढतात, कुठल्या पाणवठ्यावर पिलांसह मादी आहे आणि म्हणून तिथे जाऊ नये. अर्ध्या तासात जे कळतं ते महिनाभर इंटरनेटवर शोधून कळत नाही.

अर्ज देताना दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घ्या. पुढची सगळी चौकशी त्या क्रमांकावर होते. ईमेलही करा, पण शिक्क्याची पोच घ्याच. किमान तीन महिने आधी सुरुवात करा.

अर्जात काय लिहायचं

नागझिऱ्यात रानकुत्र्यांवर काम करायचं ठरलं, तेव्हा अर्जाचा मुख्य परिच्छेद मी असा लिहिला होता:

'नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातील नागझिरा अभयारण्यात सोबतच्या नकाशात दाखवलेल्या तीन रस्त्यांवर, सकाळी व संध्याकाळी पर्यटनाच्या वेळेत, वाहनातूनच रानकुत्र्यांच्या कळपाचे चित्रीकरण. एकूण दिवस १०. व्यक्ती ३, वाहन १, कॅमेरे २, ध्वनिमुद्रण यंत्र १. ड्रोन नाही. कृत्रिम प्रकाश नाही. ध्वनिफिती वाजवणे नाही. वाहनातून उतरणे नाही.'

शेवटची चार 'नाही' पाहा. काय करायचंय हे सगळेच लिहितात. काय करणार नाही हे लिहिलं की वाचणाऱ्याची अर्धी काळजी मिटते, आणि तुम्हीही स्वतःला आधीच बांधून घेता.

सोबत जोडायचं ते असं: एक-दोन पानांत मराठीत कथासार, दिवसवार वेळापत्रक, पथकातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र, उपकरणांची यादी अनुक्रमांकांसह, गाडीचा क्रमांक, आधी केलेल्या कामाचे दुवे, निर्मात्याचं किंवा संस्थेचं पत्र, आणि चित्रण कुठे दाखवणार हे स्पष्ट सांगणारी ओळ. शैक्षणिक आणि व्यावसायिक कामाचे दर वेगळे असू शकतात. शुल्क वाचावं म्हणून व्यावसायिक काम शैक्षणिक दाखवू नका. फिल्म प्रदर्शित झाली की ते उघड होतंच, आणि पुढची दारं बंद होतात. मंजुरी आली की हमीपत्र, अनामत रक्कम आणि शुल्काचं चलन असे टप्पे येतात. दर शासन ठरवतं आणि ते बदलतात, म्हणून कुणाच्या जुन्या पावतीवर अंदाजपत्रक मांडू नका. कार्यालयातून चालू दरपत्रक घ्या. त्यात प्रवेश, वाहन, गाईड, दिवसाचं चित्रीकरण शुल्क आणि सोबत येणाऱ्या कर्मचाऱ्याचा खर्च, हे सगळं वेगवेगळं धरा.

कथासार आणि तयार फिल्म यांचा मेळ बसला पाहिजे. २०१७ साली काझीरंगावरच्या एका माहितीपटानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने बीबीसीवर देशातल्या व्याघ्र प्रकल्पांमध्ये पाच वर्षांची चित्रीकरणबंदी घातली. परवानगीच्या अटीप्रमाणे फिल्म आधी दाखवली नाही, हा त्यातला एक आक्षेप होता. त्या फिल्मच्या बाजूने आणि विरुद्ध बरंच लिहिलं गेलं आहे. आपल्यासाठी धडा साधा: काम करताना विषय बदलला, आणि जंगलात तो बदलतोच, तर सुधारित कथासार लगेच लेखी द्या.

पथकात परदेशी नागरिक असेल तर ही वाट आणखी लांबते. परदेशी निर्मात्यांच्या माहितीपटाला केंद्र सरकारची मंजुरी आणि योग्य व्हिसा लागतो, पर्यटक व्हिसावर येऊन चित्रीकरण करता येत नाही. अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला मराठी भाऊ ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर कॅमेरा घेऊन येणार असेल, तर त्यानेही आधी भारतीय दूतावासात विचारावं; पत्रकारितेच्या कामासाठी ओसीआय धारकांना स्वतंत्र परवानगी लागते.

ड्रोन, आमिष, आवाज

ड्रोनची पिशवी घरी ठेवा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे नोंदणी आणि वैमानिकाचं प्रमाणपत्र असलं, तरी संरक्षित क्षेत्रावर उडवायला वनखात्याची वेगळी लेखी परवानगी हवी. नवख्यांना ती मिळणं अवघड, आणि ते योग्यच आहे. ड्रोन डोक्यावर आला की बगळ्यांची अख्खी वसाहत घरट्यांवरून उठते आणि पिलं उन्हात उघडी पडतात.

कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या रुंद आहे. प्राण्याला पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि त्याचा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. पक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना धक्का लावणंही येतं. म्हणजे चांगल्या शॉटसाठी पाणवठ्याशी मांस टाकणारा कायद्याच्या नजरेत शिकारीच. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावणं अनेकांना निरुपद्रवी वाटतं. विणीच्या काळात तो नर आपल्या हद्दीत घुसखोर आला म्हणून घरटं सोडून धावतो. असा शॉट मला बघवत नाही.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप चालणारा कॅमेरा, लावायचा असेल तर जंगलाच्या कुठल्या कक्षात (वनखात्याने आखलेल्या भागात), किती दिवस, हे अर्जातच लिहा. न सांगता झाडाला बांधलेलं यंत्र गस्तीवरच्या माणसाला शिकाऱ्याचंच वाटणार.

प्रत्यक्ष दिवस

पहाटे गेटवर मूळ परवाना आणि त्याच्या चार प्रती घेऊन जा. एक गेटवर, एक परिक्षेत्र कार्यालयात, एक सोबतच्या वनरक्षकाकडे, एक तुमच्या गाडीत. नोंदवहीत वेळ स्वतःच्या डोळ्यांसमोर लिहून घ्या. सोबत येणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी डबा आणि पाणी तुमच्या सामानात असू द्या. विदर्भात लोक त्यांना अजून नाकेदार म्हणतात. दिवसभर त्यांचा शब्द शेवटचा. ते थांबा म्हणाले की थांबायचं, कारण विचारायचं ते संध्याकाळी चौकीवर.

पायी जाण्याचा हट्ट धरू नका. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोबात पायी पाहणी करत असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. रोज जंगलात वावरणाऱ्या माणसाबाबत हे घडतं. "दहा पावलं उतरून ट्रायपॉड लावू द्या" असं म्हणताना आपण समोरच्यावर कसली जबाबदारी टाकतो, याचा विचार करा.

जिप्सीत ट्रायपॉडपेक्षा बीन बॅग बरी. गाडीच्या कठड्यावर ती आडवी टाका, लेन्स तिच्यात रुतवा. आत तांदूळ भरलेत तर दुहेरी शिवण घाला. जंगलात दाणा सांडता कामा नये. इंजिन बंद झालं तरी गाडी स्थिर नसते. सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून बघताना मागच्या सीटवरच्या माणसाने पाय बदलला तरी चौकट हलते. एकदा रानकुत्री रस्त्यावर आली तेव्हा आम्ही चौघं जण तीन मिनिटं श्वास रोखून बसलो होतो. ध्वनिमुद्रणात ऐकू येतात ती फक्त त्यांची नखं, मुरमावर चालताना होणारा चरचर आवाज. तेवढा आवाज मिळवायला आमच्या जॅकेटची चेनही वाजून चालली नसती. म्हणून पथकाला सुती कपडे घालायला सांगा.

ड्रायव्हरला "अजून जवळ घे" म्हणू नका. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पिलांची वाट अडवली. चित्रफीत पसरली, ड्रायव्हर आणि गाईडवर कारवाई झाली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. घाई करणारे पर्यटक आपापल्या गावी परतले, आणि रोजगार गेला तो शेजारच्या गावातल्या पोरांचा. प्राण्याने तुमच्याकडे बघून चाल बदलली, कान मागे घेतले, पाणी पिणं थांबवलं, तर गाडी मागे घ्यायची वेळ झालेली असते.

गावांमध्ये चित्रीकरण करणार असाल तर ग्रामपंचायतीला आणि माणसांना वेगळं विचारा. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे मध्ये तेंदूपत्त्याला बायका-माणसं पहाटेच रानात जातात, आणि हल्ल्यांची भीती तेव्हाच जास्त असते. ज्या घरात असं काही घडलंय तिथे कॅमेरा पहिल्या भेटीत काढू नका. दुसऱ्या भेटीतही नाही, त्यांनी होऊन म्हटलं तरच.

काम संपल्यावर

चित्रणातून जीपीएसची माहिती काढून टाका. गुहा, घरटं, पिलांची जागा ओळखू येईल असे दूरचे शॉट संकलनात गाळा. शिकारीही तुमची फिल्म बघतात. अटीत असेल त्याप्रमाणे फिल्मची प्रत वनखात्याला द्या, आणि आधी दाखवण्याची अट असेल तर प्रदर्शनाची तारीख त्यानंतरची ठेवा. श्रेयनामावलीत गाईड, ड्रायव्हर आणि वनरक्षकांची नावं त्यांना विचारून, शुद्ध लिहून घाला. आडनाव चुकलं की त्या घरात ती फिल्म कुणी दुसऱ्यांदा लावत नाही.

अनामत परत मिळण्यासाठी अर्ज, मूळ पावती आणि बँकेचा तपशील द्यावा लागतो. ती पावती पहिल्याच दिवशी स्कॅन करून ठेवा, कारण थर्मल कागदावरची असेल तर उन्हाळ्यात काळी पडते. आणि निघण्याआधी परिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून दोन ओळींचं पत्र मागा: अमुक पथकाने अमुक तारखांना अटींचं पालन करून काम पूर्ण केलं. हे पत्र मागायचं असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुढच्या अभयारण्याच्या अर्जाला ते सर्वात वर जोडा.